डावा हात नोकरीचा

गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत हौसाबाई चौगुल्यांचं घर आहे. घर नवं आहे. पोरानं स्लॅब टाकला, सरकत्या खिडक्या बसवल्या, पुढच्या भिंतीला टाइल्स लावल्या, गच्चीवर पाण्याची काळी टाकी चढवली. एवढ्या सगळ्या थाटात पुढचं दार मात्र जुनं, जाड फळ्यांचं. त्याच्या मधोमध ओरखडे आहेत, खालचा एक कोपरा उडालेला आहे आणि वरच्या अंगाला ते नीट लागत नाही. पाऊस तिरका आला की पाणी थेट टीव्हीपर्यंत जातं. पोरानं सुताराला बोलावलं की हौसाबाई त्याला चहा पाजून परत पाठवतात. नवा पाहुणा आधी दाराकडं बघतो, मग घराकडं बघतो आणि न राहवून विचारतो. मग हौसाबाई सांगायला लागतात, त्या पाहुण्याचं जेवण होईपर्यंत थांबत नाहीत.

त्या सांगतात ती दाराची गोष्ट. मला सांगायचं आहे ते दार ज्यांनी काढायला लावलं त्या बाईंबद्दल. जनावरांच्या डॉक्टर मेहरुन नदाफ. मी दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर या बाई बसल्या. साहेब लोक मागं बसतात. मॅडम पुढं बसायच्या, कारण मागं बसलं की रस्त्याकडेची जनावरं नीट दिसत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅडम मूळच्या मुरगूडच्या. वडील पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. पोरगी शाळेतून आली की गादीच्या उघड्या तोंडातून हात घालायची आणि आत कापसाची गुठळी कुठं राहिली आहे ते चाचपून काढायची. "तेच करतोय की अजून," त्या म्हणायच्या. "फक्त आता गादी जिती हाय आणि लाथ मारती." आमच्याकडच्या बायका करतो, जातो असंच बोलतात. शहरातला नवा साहेब पहिल्यांदा ऐकतो तेव्हा कोण बोललं म्हणून मागं वळून बघतो.

राहायला शहरात, शाहूपुरीत होत्या. मिस्टर हायस्कूलवर मास्तर. सकाळचा डबा ते करायचे, कारण सकाळी मॅडमना एकच काम असायचं, ते म्हणजे नखं कापणं. रोज. मी हॉर्न वाजवायच्या आधीच त्या खाली उभ्या असायच्या. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, खांद्याला बॅग, आणि जिन्याच्या उजेडात डाव्या हाताची बोटं तपासणं चाललेलं. उजव्या हातात घड्याळ आणि बांगड्या. डावा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत मोकळा, अंगठीसुद्धा नाही. म्हशीच्या पोटात जाणारा हात तो. मला आधी वाटलं होतं, काहीतरी नवस असेल. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "मामा, डावा हात नोकरीचा. उजवा तेवढा माझा."

मला त्या मामा म्हणायच्या. वयानं मी त्यांच्यापेक्षा फार मोठा नव्हतो, पण ड्रायव्हरला मामा म्हटलं की तो गाडी सावकाश चालवतो असा त्यांचा समज होता. तो खरा निघाला, हे मी कबूल करतो.

त्यांच्याबरोबर फिरून मला एक कळलं. आमच्या भागात घड्याळ भिंतीवर असलं तरी वेळ म्हशीच्या गोठ्यात ठरते. बायका आधी धार काढतात, मग स्वतःचा चहा करतात. डेअरीवाला दूध मापून होईपर्यंत पेपर उघडत नाही. कारखान्यात जाणारा गडी वैरण टाकून मग सायकल काढतो. मॅडमनी आपला दिवस त्याच मापानं कापला होता. धारेच्या वेळी कुणाच्या गोठ्यात जायचं नाही. "ती बाई आणि ती म्हैस, दोघी कामावर आहेत. कामावरच्या माणसाला उठवायचं न्हाय," असं त्या सांगायच्या. तोवर आम्ही वेशीवर गाडी लावून डबा खायचो.

गोठ्यात गेल्यावर त्या मालकाशी बोलायच्याच नाहीत. दारात उभ्या राहायच्या आणि म्हशीकडं बघत बसायच्या. मालक तोंड उघडायला लागला की हात वर. "आधी तिचं होऊ दे. मग तुमचं ऐकतो." मालक कासावीस व्हायचा, बायको त्याला कोपरानं ढोसायची. म्हैस कान कसा हलवते, शेपूट कुठं धरते, कुठल्या पायावर भार टाकते, सगळं बघून झालं की मग डाव्या हातावर मोजा चढायचा. तो खांद्यापर्यंतचा मोजा चढवताना त्या जनावराच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या. मी पुष्कळ वेळा कान लावला. एकदा ऐकू आलं. "माफ कर बाई, हात गार हाय."

काम झाल्यावर हात धुऊन चहा. आणि तो काळा. आयुष्यभर दुधाच्या माणसांत राहिलेल्या या बाईला दुधाचा चहा चालत नसे. गावोगावी यावरून भांडणं. "आमच्यात दुधाला काय कमी हाय व्हय, डॉक्टरीणबाई? घरात पाच जनावरं आणि पावण्याला काळं पाणी? लोक तोंडात शेण घालतील की!" मॅडम शांतपणे म्हणायच्या, "तुमचं दूध डेअरीत घाला. मला पत्ती लागती." शेवटी काही घरांत फक्त त्यांच्यासाठी पत्तीचा वेगळा डबा राहायला लागला.

कामाची सवय अशी अंगात मुरली होती की घरीही उतरत नसे. भावाला मुलगी झाली म्हणून आम्ही मुरगूडला गेलो. फेरीवरच होतो, म्हणून मीही दारात उभा. खोलीत सगळ्या बायका बाळंतिणीभोवती बसलेल्या. मॅडम आत गेल्या, उंबऱ्यातच थांबल्या, नेहमीसारख्या बाळंतिणीकडं बघत राहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला तो व्यालेल्या म्हशीच्या मालकाला विचारायचा तोच. "वार पडली का वेळेत?" खोली एकदम गार. पण भावजय मोठी हजरजबाबी. म्हणाली, "पडली की, आपा. आता पेंड घाला आणि तांब्याऐवजी बादलीनं पाणी पाजा." मग जो हशा उसळला त्यात बाळ जागं झालं. परतताना कागल जवळ आल्यावर मॅडम म्हणाल्या, "पण मामा, विचारायलाच पाहिजे ते."

आता दाराचं सांगतो.

मॅडम नव्या लागल्या तेव्हा गावांनी त्यांना हसून घालवायचं ठरवलं होतं. दवाखान्यात फोन यायचे, "गडी डॉक्टर पाठवा." आम्ही पोचलो की मालक गाडीच्या मागं वाकून बघायचा, खरा डॉक्टर मागं बसला आहे का म्हणून. कुणी म्हणायचं, एवढासा हात पुरणार कुठं? संघाचे साहेब वाईट नव्हते, पण रोजच्या तक्रारींना कंटाळले. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून शाहूपुरीच्या ऑफिसात टेबलावर बसा. पंखा आहे, वेळेवर घरी जाल. दुसऱ्या कुणाला बढती वाटली असती. मॅडम बाहेर आल्या, गाडीत बसल्या आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवून नुसत्या बघत राहिल्या. "टेबलाच्या आत काय चाचपायचं, मामा?" म्हणाल्या. त्यांना एवढंच पाहिजे होतं, गोठा. तो सुटत चालला होता. मी गाडी चालू केली.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत हौसाबाईंची चंद्री अडली. चंद्री म्हणजे हौसाबाईंच्या माहेरहून आलेली म्हैस. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, त्यांची स्वतःची. दुपार टळली तरी कळा येत होत्या आणि पुढं काही सरकत नव्हतं. घरून निरोप आला तसा मी मॅडमना घेऊन पोचलो, तेव्हा गल्ली जमली होती. हौसाबाईंचे सासरे तात्या खाटेवर बसले होते. तात्या तरुणपणी तालमीतले, अजूनही दारातून जरा आडवं होऊनच बाहेर पडायचे. आम्हाला बघून म्हणाले, "ह्या पोरीला कशाला आणलंस रं, डायवर? कागलच्या डॉक्टरला निरोप धाडलाय."

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दारात उभ्या राहून चंद्रीकडं बघितलं, मोजा चढवला, हात आत घातला. हात बाहेर काढून त्या हौसाबाईंना म्हणाल्या, तात्यांना नाही, "पिशवीला पीळ पडलाय. ओलं लुगडं पिळतो न्हवं, तसा. वाटच बंद हाय. कागलचा डॉक्टर येईस्तोवर दोन्ही जीव जातील."

"मग?"

"पिशवी आत जागेवर दाबून धरायची आणि म्हैस तिच्याभोवती फिरवायची. पीळ सुटतो. रुंद, जाड फळी पाहिजे. पोटावर ठेवायला."

माणसं पळाली. कुणी बैलगाडीच्या तळाची साटी सांगितली, ती मोडकी. कुणी पाट आणला, त्यावर चंद्रीचा कान मावला असता. मॅडमची नजर फिरत फिरत घराच्या दारावर थांबली. "ते काढा."

तात्या खाटेवरून उठले. "दाराला हात लावायचा न्हाय! दिवेलागणीला घराचं दार काढत्यात व्हय? लक्ष्मी यायची वेळ ही."

हौसाबाई तोवर सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. हे सगळी गल्ली सांगेल. त्यांनी पदर खोचला, दाराखाली पहार घातली आणि म्हणाल्या, "लक्ष्मी भाईर गोठ्यात आडवी पडलीया, मामंजी. आत कोण येणार हाय? मी काढतो दार." मग चार हात लागले आणि दार खुंट्यांवरून सुटलं.

चंद्रीला ज्या अंगाला पीळ त्या अंगावर आडवं पाडलं. पुढचे पाय एकत्र, मागचे पाय एकत्र, दोरांना माणसं. दाराचं एक टोक जमिनीवर, बाकीचं दार चंद्रीच्या पोटावर. आता दारावर कुणीतरी उभं राहायचं होतं. वजनदार माणूस पाहिजे, आणि पाय न डगमगणारा. मॅडम सरळ तात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तात्या, गल्लीत तुमच्याएवढं वजन कुणाचं न्हाय. चढा."

तात्या थक्क. पण तालमीतल्या माणसाला वजनाबद्दल कुणी चांगलं बोललं की तो वितळतो. धोतर वर खोचून ते दारावर चढले. "ओढा!" मॅडम ओरडल्या. त्यांच्या अंगात तो आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. माणसांनी दोर ओढले, चंद्री उलटली, तिचे खूर दारावरून खरडत गेले, तात्या दारावर डुलत राहिले पण पडले नाहीत. मॅडमनी हात घालून बघितलं. पीळ तसाच. पुन्हा पाडली, पुन्हा ओढली. तसाच. कुणीतरी पुटपुटलं, "मेली आता." मॅडम म्हणाल्या, "तात्या, टाचेवर भार टाका. चवड्यावर न्हाय." तिसऱ्यांदा चंद्री फिरली आणि मॅडमचा हात आत असतानाच पाण्याचा लोंढा बाहेर आला. मॅडम डोक्यापासून बुटापर्यंत भिजल्या आणि हसायला लागल्या. "सुटला!"

थोड्या वेळानं रेडी जमिनीवर पडली. शिंकली. हौसाबाई तिथंच चिखलात बसून रडल्या. तात्या अजून दारावरच उभे होते. खाली उतरायचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रेडीचं नाव ठेवलं डॉक्टर. आणि तात्या पुढच्याच आठवड्यात फेटा बांधून माझ्या गाडीत बसून शाहूपुरीला आले, साहेबांच्या खोलीत शिरले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या बाईला टेबलावर बसवलासा तर त्या टेबलावर मी येऊन बसंन. मोडलं तर मला सांगू नका." साहेब खळखळून हसले. पुढच्या महिन्यात मॅडम गाडीत माझ्या शेजारीच होत्या. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी गाडी दोनदा धुतली.

त्यानंतर गावांनी हात मोजायचं सोडलं. उलट दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून मिरवणुकीला काढायच्या तेव्हा लोक मॅडमना बोलवायला लागले. बाकीचे पाहुणे मोरपिसं आणि झुली बघायचे. मॅडम खाली बघायच्या. "ती तिसरी मागच्या डाव्या पायानं लंगडती. उद्या येतो." गावातल्या बायकांनाही त्यांनी सोडलं नाही. नखं कापा, हात धुवा, कास अशी दाबून बघा, व्यायला झाली की शेपटीजवळ असा खळगा पडतो. हौसाबाई यात सगळ्यात पुढं. मोजा घालून आत हात कसा घालायचा आणि बोटांना काय लागतं, हेसुद्धा त्यांनी मॅडमच्या शेजारी उभं राहून शिकून घेतलं.

मग खांदा गेला. एका गावात मॅडमचा हात आत असताना म्हैस अचानक बसली. हात बाहेर निघाला, पण त्यानंतर तो खांद्याच्या वर कधी गेला नाही. अशा हातानं म्हशीला हात घालायचा नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आता गावांची तक्रार नव्हती, तात्याही राहिले नव्हते, आणि टेबल टळलं नाही. मॅडम शाहूपुरीच्या ऑफिसात बसायला लागल्या. पंखा होता. वेळेवर घरी जात होत्या. मी नव्या डॉक्टरांना फिरवत होतो आणि ऑफिसात गेलो की त्या एकच विचारायच्या, "मामा, आज काय काय बघितलंसा?" मी सांगायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

मॅडमच्या रिटायर होण्याला थोडेच दिवस उरले होते. मी काहीतरी सामान न्यायला ऑफिसात गेलो होतो, तेव्हा हौसाबाईंचा माझ्या मोबाइलवर फोन आला. डॉक्टरची लेक, म्हणजे चंद्रीची नात, अडली होती. नवे डॉक्टर कागलच्या पलीकडं दुसऱ्या एका अडलेल्या म्हशीत गुंतले होते. मी हळूच बोलत होतो, पण मॅडमचे कान.

"गाडी काढा, मामा."

"मॅडम, खांदा?"

"खांदा काय हितं टेबलावर ठेवून यायचा हाय? काढा गाडी."

आम्ही पोचलो तेव्हा गल्लीनं कुणाची वाट बघितली नव्हती. दार काढून गोठ्यापुढं आणून ठेवलेलं. मॅडम नेहमीसारख्या उभ्या राहून बघत राहिल्या. मग डाव्या हाताकडं बघितलं. तो उचलला तेवढा उचलला. "हौसाक्का, नखं कापलीत का?"

"कालच की."

"मोजा घाल."

हौसाबाईंचा हात आत गेला. मॅडम त्यांच्या शेजारी डोळे मिटून उभ्या. "बोटं सरळ जात्यात का वळत्यात?"

"वळत्यात. उजव्या अंगाला."

"चुण्या लागत्यात?"

"व्हय. पिळल्यागत."

"तोच पीळ. पाडा उजव्या अंगावर."

दार पोटावर चढलं, दोरांना पोरं लागली. आणि आता दारावर कोण? मॅडमनी गल्लीतल्या पोरांकडं नजर फिरवली. सगळी मोबाइलसारखी चपटी. मॅडम म्हणाल्या, "टेबलानं माझ्यावर एक उपकार केलाय. वजन वाढवलंय. मीच चढतो."

हौसाबाईंच्या पोराच्या खांद्यावर उजवा हात टेकून त्या दारावर चढल्या. बूट घातलेले, साडी खोचलेली, केस पिकलेले. टाचेवर भार टाकून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ओढा!" तोच आवाज. म्हैस त्यांच्या पायाखाली फिरली, दार डुललं, त्या डुलल्या, पडल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला हौसाबाई हात आत ठेवूनच ओरडल्या, "सुटला, आक्का! सुटला! पाय लागला हाताला!" मॅडम दारावरच उभ्या राहून म्हणाल्या, "आता तूच वढ. सावकाश. कळ आली की वढ."

रेडी झाली. काळा चहा झाला. हौसाबाई आत जाऊन हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आल्या. "आक्का, आता नोकरी संपत आली. आज डावा हात द्या. एवढी वर्षं उघडा ठेवलासा."

मॅडमनी डावा हात मागं घेतला आणि उजवा पुढं केला.

"ह्यात भर. डावा असू दे तसाच."

"पर आता कशाला?"

"तुझी अजून एक गाभण हाय न्हवं."

हौसाबाईंनी उजव्या हातात बांगड्या भरल्या. आम्ही निघालो. मागं गल्लीतली पोरं दार परत खुंट्यांवर बसवत होती आणि ते वरच्या अंगाला लागत नव्हतं. वेशीपाशी मी डाव्या बाजूच्या आरशात बघितलं. मॅडमनी डावा हात खिडकीबाहेर काढून वाऱ्यात सोडला होता. रस्त्याकडेला चरणारी एक म्हैस दिसली तशा त्या पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "मामा, जरा थांबा की."